फूड स्टॅम्पचे नूतनीकरण: आधी अर्ज, मग फोन

अमेरिकेत सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या घरांत ठरावीक काळाने एक पाकीट येते. आपली मुदत अमुक तारखेला संपत आहे, नूतनीकरण करावे, मुलाखतीसाठी या क्रमांकावर फोन करावा, असे त्यात लिहिलेले असते, आणि नेमका तोच क्रमांक लागत नाही. न्यू जर्सीत ओळखीच्या ज्येष्ठांबरोबर अशी बरीच पाकिटे मी गेल्या काही वर्षांत उघडली आहेत. त्यातून पक्के झालेले माझे मत असे की बहुतेकांचा क्रम चुकतो. फोन लागेपर्यंत ते अर्ज हातात धरून बसतात. वास्तविक नूतनीकरणाची तारीख अर्जावर अवलंबून असते आणि फोन फक्त मुलाखतीपुरता असतो. म्हणून या लेखातला क्रमही तसाच ठेवला आहे.

या अन्नसाहाय्याचे, म्हणजे फूड स्टॅम्पचे, आजचे अधिकृत नाव स्नॅप, आणि ही केंद्र सरकारची योजना आहे. १९६४च्या फूड स्टॅम्प कायद्यापासून ती चालत आली आणि १ ऑक्टोबर २००८ पासून तिचे नाव बदलले, तरी बोलण्यात जुनेच नाव टिकले आहे. नियम केंद्रीय कृषी खात्याचे असतात, पण कारभार राज्यांकडे, आणि न्यू जर्सीत तर काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेऱ्यांकडे असतो. कॅलिफोर्नियात याच योजनेला कॅलफ्रेश म्हणतात, विस्कॉन्सिनमध्ये फूडशेअर. त्यामुळे फोनची वेळ, मेनू आणि फॉर्मचे नाव राज्यागणिक बदलते. पुढे जे सांगितले आहे ते केंद्रीय नियमांच्या आधारे आहे, म्हणून ते बहुतेक ठिकाणी लागू पडते.

एक खुलासा आधीच केलेला बरा. एच-१बी या नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या व्यक्तीला ही मदत स्वतःसाठी मिळत नाही, मात्र अमेरिकेत जन्मलेल्या तिच्या मुलासाठी मिळू शकते. प्रौढ ग्रीन कार्डधारकाला साधारणपणे ५ वर्षे थांबावे लागते, आणि आईवडिलांना मुलाने प्रायोजक होऊन आणले असेल तर मुलाचे उत्पन्नही हिशेबात धरले जाऊ शकते. हा लेख ज्यांना मदत आधीच मंजूर आहे आणि ती पुढे चालू ठेवायची आहे, त्यांच्यासाठी आहे.

पत्रातल्या तारखा

पाकीट आले की सर्वांत आधी मुदत संपण्याची तारीख शोधावी. बहुतेक घरांना १२ महिन्यांपर्यंतची मुदत मिळते. घरातले सर्व प्रौढ ६० वर्षांपुढचे किंवा अपंग असतील तर ती २४ महिन्यांपर्यंत असू शकते, आणि काही राज्यांत उत्पन्नाची नोकरी नसलेल्या ज्येष्ठांना ३६ महिनेही मिळतात. मधल्या काळात, साधारण सहा महिन्यांनी, अनेक राज्ये एक छोटा अहवाल मागवतात. तो भरून पाठवला की भागते, त्याला सहसा मुलाखत नसते. हा अहवाल आणि नूतनीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मार्चमध्येच तर फॉर्म भरला होता’ असे म्हणून सप्टेंबरचे पाकीट बाजूला ठेवणारे मी पाहिले आहेत.

उदाहरणादाखल, मुदत ३० जूनला संपत आहे असे समजू. नियमानुसार कचेरीने याची सूचना जूनची पहिली तारीख उजाडण्याआधी द्यायची असते, म्हणजे पत्र मे महिन्यात यायला हवे. आता लक्षात ठेवायची तारीख ३० जून नसून १५ जून आहे. मुदतीच्या शेवटच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत अर्ज पोहोचला, मुलाखत झाली आणि मागितलेली कागदपत्रे वेळेत दिली, तर पात्र कुटुंबाची मदत खंड न पडता पुढे चालली पाहिजे, असे बंधन कचेरीवर आहे. १६ ते ३० जूनच्या दरम्यान दिलेला अर्जही घेतला जातो, पण जुलैचे पैसे वेळेवर येतील याची हमी उरत नाही. मुदत उलटल्यावर ३० दिवसांच्या आत अर्ज दिला तर तो नूतनीकरण म्हणूनच धरतात, परंतु उशीर आपल्यामुळे झाला असेल तर त्या महिन्याची रक्कम अर्जाच्या तारखेपासूनच मोजली जाते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर १५ तारखेभोवती लाल गोल करावा, आणि त्याच्या आठवडाभर आधी दुसरा.

अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी

अर्ज राज्याच्या पोर्टलवर, टपालाने, फॅक्सने किंवा कचेरीत प्रत्यक्ष देता येतो. काही राज्यांत फोनवरच तोंडी सही नोंदवून अर्ज घेतात, पण त्यासाठी पुन्हा फोन लागायला हवा, म्हणून तो मार्ग मी शेवटचा मानते. पोर्टलवर अर्ज दिल्यास शेवटी जो पुष्टिक्रमांक दिसतो त्याचा स्क्रीनशॉट काढावा. कचेरीत दिल्यास आपल्याकडच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मागावा. बाहेरच्या पेटीत टाकल्यास निदान पाकिटाचा आणि पेटीचा फोटो काढून ठेवावा. सरकारी कामात पोच घेण्याची सवय आपल्या आधीच्या पिढीला चांगली आहे, इथे ती कामी येते. एखादे कागदपत्र अजून मिळायचे असेल तर अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नये. नाव, पत्ता आणि सही असलेला अर्ज दाखल होतो, आणि राहिलेल्या कागदपत्रांसाठी किमान १० दिवसांची मुदत द्यावीच लागते.

फोन उचलण्याआधीची तयारी

क्रमांक पत्रावरचाच वापरावा. मदतीची रक्कम ज्यावर जमा होते त्या ईबीटी कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक बहुतेक ठिकाणी कार्डाची यंत्रणा चालवणाऱ्या कंत्राटदाराचा असतो. तिथे शिल्लक कळते, हरवलेले कार्ड बंद करता येते, पण नूतनीकरणाबद्दल तिथल्या माणसाला काहीही सांगता येत नाही. इंटरनेटवर शोधून पहिला दिसलेला क्रमांक तर अजिबात लावू नये, कारण कार्डाचा पिन काढून घेणाऱ्या टोळ्या नेमके असेच क्रमांक पेरून ठेवतात. खरी कचेरी पिन कधीच विचारत नाही.

समोर एका वहीत केस नंबर, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि पत्रावर छापलेला पिनकोड लिहून ठेवावा. यंत्र हे आकडे एकामागून एक मागते आणि शोधायला फार वेळ देत नाही. बाजूला भाड्याची पावती किंवा करारपत्र, वीज आणि गॅसची बिले, पगाराच्या गेल्या ३० दिवसांच्या चिठ्ठ्या, पेन्शनचे पत्र आणि औषधांची बिले ठेवावीत.

मोबाइलची तयारी त्याहून महत्त्वाची आहे, आणि तीच कोणी करत नाही. कचेरीचा उलट फोन बऱ्याचदा क्रमांक लपवून येतो. आयफोनमध्ये अनोळखी फोन गप्प करण्याची सोय चालू असेल तर घंटी वाजतच नाही. मोबाइल कंपनीची स्पॅम रोखणारी सेवाही असे फोन अडवते. नूतनीकरणाच्या महिन्यापुरत्या या दोन्ही सोयी बंद ठेवाव्यात, व्हॉइसमेल सुरू आहे ना आणि पेटी भरलेली नाही ना हे पाहावे, आणि आपल्या ज्येष्ठांना सांगून ठेवावे की या महिन्यात ‘अननोन’ दिसला तरी फोन उचलायचा. मिनिटे मोजून मिळणारा प्लॅन असेल तर होल्डवरचा वेळही त्यातूनच जातो. स्नॅप मिळणारे घर लाइफलाइन या केंद्रीय सवलतीला पात्र असते, तिच्यातून फोन किंवा इंटरनेटच्या बिलात महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सूट मिळते.

रांगेत उभे राहणे

महिन्याचे पहिले काही दिवस, सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस टाळावा. त्या दिवशी पैसे जमा न झालेल्यांचे आणि कार्ड न चालणाऱ्यांचे फोन त्याच रांगेत असतात. महिन्याचा मधला आठवडा, बुधवार किंवा गुरुवार, आणि कचेरी उघडण्याच्या ठोक्याला, हा माझा अनुभवाचा मुहूर्त आहे. ८:३० ला उघडत असेल तर ८:२९ ला शेवटचा आकडा दाबायच्या बेतात असावे. ९ वाजता तीच रांग तासाभराची झालेली असते.

मेनूत ‘नूतनीकरण’ किंवा ‘मुलाखत’ असा पर्याय असेल तर तोच निवडावा. घाईने शून्य दाबून ऑपरेटर मागणाऱ्यांना पुष्कळ यंत्रे पुन्हा सुरुवातीला आणून सोडतात. ‘आपल्याला उलट फोन करू’ असा पर्याय मिळाला तर घ्यावा, पण फोन कोणत्या क्रमांकावर येणार हे यंत्राने वाचून दाखवल्यावर नीट ऐकावे, कारण जुना क्रमांक केसमध्ये राहून गेलेला असतो. रांग भरली आहे, नंतर प्रयत्न करा, असे सांगून यंत्राने फोन तोडला तर तेही वहीत लिहावे.

वहीचे महत्त्व उगाच सांगत नाही. मे २०२४ मध्ये मिसुरी राज्याविरुद्धच्या खटल्यात केंद्रीय न्यायालयाने असा निकाल दिला की फोन लागतच नसल्यामुळे ज्यांची मुलाखत होऊ शकली नाही, त्यांचे अर्ज मुलाखत झाली नाही या कारणाने नाकारणे हे स्नॅपच्या कायद्याचे उल्लंघन आहे. तो निकाल एका राज्यापुरता असला तरी त्यामागचा मुद्दा कुठेही मांडता येतो, मात्र त्यासाठी प्रयत्नांची नोंद हवी. तारीख, वेळ, किती मिनिटे थांबलो, कोणी उचलले, त्याचे नाव किंवा क्रमांक, काय सांगितले, एवढे एका ओळीत मावते. शिवाय मोबाइलच्या कॉलयादीचा स्क्रीनशॉट काढावा, कारण काही फोनमध्ये जुन्या नोंदी आपोआप निघून जातात.

होल्डवर असताना फोन चार्जरला लावून स्पीकरवर ठेवावा आणि घरातले आवाज सांभाळावेत. एका काकांच्या घरी एक तास चाळीस मिनिटे संगीत ऐकल्यावर पलीकडून ‘हॅलो’ आले आणि त्याच क्षणी कुकरची शिटी झाली. काका हॅलो म्हणत होते, पलीकडच्या बाईंना काहीच ऐकू गेले नाही, आणि फोन बंद झाला. तेव्हापासून त्या घरात नूतनीकरणाच्या दिवशी वरणभात फोन झाल्यावर होतो.

दुभाषी मागताना

इंग्रजीत पैशांचे प्रश्न अंगावर आले की चांगले शिकलेले ज्येष्ठही ‘यस, यस’ म्हणून मोकळे होतात. दुभाषी मोफत देणे ही कचेरीची जबाबदारी आहे, आणि तो मागितल्याने अर्जावर कोणताही वाईट परिणाम होत नाही. पहिल्याच वाक्यात ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ असे म्हणावे आणि लगेच एम, ए, आर, ए, टी, एच, आय अशी अक्षरे सांगावीत, नाहीतर भलतीच भाषा ऐकली जाते. दुभाषी फोनवरूनच तिसऱ्या माणसासारखा जोडला जातो आणि त्याला काही मिनिटे लागतात, तेवढे थांबावे.

‘हिंदी चालेल का?’ असे विचारतील. माझे म्हणणे, शक्यतो नाही म्हणावे. एका काकूंनी चालेल म्हटले. मुलाखतीत त्या म्हणाल्या, “किराणा आम्हीच भरतो.” दुभाषाने ते ‘किराया’ ऐकले आणि काकू घरभाडे भरतात असे अधिकाऱ्याला सांगितले. भाडे मुलगा भरत होता. पुढे कचेरीने भाड्याच्या पावत्या मागितल्या, त्या नव्हत्याच, आणि तो गुंता सोडवण्यात दोन आठवडे गेले.

मुलगा, सून किंवा शेजारी यांनी आपल्या वतीने बोलायचे असेल तर त्यांना लेखी अधिकृत प्रतिनिधी नेमता येते. तो फॉर्म अर्जासोबतच द्यावा. नेमणूक नसेल तर ज्यांच्या नावाची केस आहे त्यांनी फोनवर स्वतः येऊन परवानगी द्यावी लागते, आणि नेमके त्या वेळी आई देवळात गेलेली असते.

मुलाखतीत काय विचारतात

मुलाखत सहसा अर्ध्या तासाच्या आसपास चालते. घरात कोण कोण राहते, उत्पन्न किती आणि कुठून, भाडे किती, वीज आणि उष्णतेचे बिल कोण भरते, औषधोपचाराचा खर्च किती, हे त्यातले मुख्य प्रश्न. यापैकी दोन प्रश्नांवर आपल्या घरांत हमखास अडखळायला होते.

पहिला प्रश्न: अन्न एकत्र विकत घेऊन एकत्र शिजवता का? स्नॅपच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे एका छताखाली राहणारी सगळी माणसे नव्हेत, तर एका चुलीवर जेवणारी माणसे. आपल्याकडे भाऊ एकाच वाड्यात राहून ‘चूल वेगळी केली’ म्हणतात, तीच ही कल्पना. पती-पत्नी, आणि २२ वर्षांखालची मुले व त्यांचे आईवडील यांना मात्र एकत्र राहत असल्यास एकच धरले जाते. २२ वर्षांपुढच्या मुलाच्या घरी राहणारे आईवडील आपला शिधा वेगळा आणून वेगळा शिजवत असतील तर त्यांचे कुटुंब वेगळे धरले जाऊ शकते. रोजची पोळीभाजी सून करते आणि सगळे एकत्र जेवतात, असे असेल तर तेच सांगावे. वयोवृद्ध आणि अपंगत्वामुळे स्वतः शिजवू न शकणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे, तो लागू होतो का हे अधिकाऱ्याला विचारावे. सवलतीसाठी चूल वेगळी दाखवणे म्हणजे सहीनिशी खोटे सांगणे होते, आणि त्याची वसुलीही होते.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. भारतातले पेन्शन, पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे, ठेवींवरचे व्याज हे उत्पन्नच आहे. ते रुपयांत आले तरी डॉलरमध्ये सांगावे लागते. याच्या उलट, जो खर्च सांगितल्याने फायदा होतो तो आपली माणसे संकोचाने सांगत नाहीत. ६० वर्षांपुढच्या किंवा अपंग व्यक्तीचा स्वतःच्या खिशातून होणारा वैद्यकीय खर्च महिन्याला ३५ डॉलरच्या वर गेला तर वरची रक्कम उत्पन्नातून वजा होऊ शकते. त्यात औषधे, चष्मा, दातांचे काम, विम्याचा हप्ता, डॉक्टरकडे जाण्यायेण्याचा खर्च येतो. चार औषधांची बिले जोडल्याने मासिक रक्कम वाढलेली मी पाहिली आहे.

जुलै २०२५ च्या कायद्यानंतर कामाच्या अटीची वयोमर्यादा ६४ पर्यंत गेली आहे. ज्यांच्या घरी १४ वर्षांखालचे मूल नाही अशा प्रौढांना महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा स्वयंसेवा दाखवावी लागू शकते, अन्यथा ३ वर्षांत ३ महिनेच मदत मिळते. साठी ओलांडलेले, पण पासष्ट न झालेले आईबाबा यात येतात. शारीरिक किंवा मानसिक कारणाने काम शक्य नसेल, किंवा घरातल्या आजारी माणसाची देखभाल करावी लागत असेल, तर सूट असते, पण ती मुलाखतीत स्वतःहून सांगावी.

भारतात लांबचा मुक्काम झाला असेल किंवा ठरला असेल तर तोही सांगावा, कारण राज्यात राहणे ही मूळ अट आहे. कोल्हापुरात बसून व्हॉट्सॲपवरून मुलाखत उरकण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये.

फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मुलाखत पूर्ण झाल्याची नोंद झाली का, कोणती कागदपत्रे बाकी आहेत, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत व कोणत्या मार्गाने द्यायची.

फोन लागलाच नाही तर

तीन दिवसांत तीन वेळा प्रयत्न करूनही लागला नाही तर चौथ्या दिवशी फोनचा नाद सोडावा. पोर्टलवरून किंवा फॅक्सने दोन ओळींचे पत्र पाठवावे: या तारखांना या वेळी फोन केला, लागला नाही, मुलाखतीची वेळ द्यावी. प्रत्यक्ष भेटून मुलाखत मागण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबाला आहे, म्हणून सरळ कचेरीत जावे. ठरलेली मुलाखत चुकली तर कचेरीने तशी सूचना पाठवायची असते. ती आल्यावर नवी वेळ मागणे मात्र आपल्यावर असते, तेव्हा त्या दिवशीच मागावी. २-१-१ ही मदतवाहिनी लावल्यास जवळच्या अन्नपेढीचा किंवा अर्जात मदत करणाऱ्या संस्थेचा पत्ता मिळतो, आणि मोफत कायदेशीर साहाय्य देणाऱ्या संस्था अशी प्रकरणे नेहमी हाताळतात. राज्य विधिमंडळातल्या आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीच्या कचेरीला फोन करायला आपण बिचकतो, पण अडकलेली केस हलवणे हे तिथल्या कर्मचाऱ्यांचे रोजचे काम आहे.

मदत बंद झाल्याचे पत्र आले तर सुनावणी मागण्यासाठी ९० दिवस असतात आणि ती तोंडीही मागता येते. वही आणि स्क्रीनशॉट इथे बाहेर काढायचे. मुदत संपल्यानंतर सुनावणी होईपर्यंत पैसे सहसा चालू राहत नाहीत, म्हणून सुनावणी मागतानाच नवा अर्जही टाकावा.

मंजुरीचे पत्र आल्यावर ते घडी करून ठेवू नये. घरातल्या माणसांची संख्या, धरलेले उत्पन्न आणि भाडे, आणि मासिक रक्कम तपासावी. काकूंच्या घरचा किराया असाच पत्रातल्या आकड्यावरून सापडला होता. मग नव्या मुदतीची तारीख, आणि तिच्या शेवटच्या महिन्याची १५ तारीख, वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.